घरातला ब्रदर

"बियर ओतताना ग्लास तिरका धरायचा असतो, हे हिला लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत जमलं नाही," विल्फ्रेड थोरल्या भावाच्या कानाशी कुरकुरला. तळलेल्या बोंबलांची बशी घेऊन जसिंता त्याच्या पाठीशीच उभी होती. तिनं बशी टेकवली आणि दुसऱ्या ग्लासात मुद्दाम फेसच ओतला.

चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की वसईच्या तुस्कानोंची बैठक दुबईत, अल बर्शाच्या या फ्लॅटमध्ये भरायची. थोरले बावतीसदादा सिलिकॉन ओएसिसहून बियर घेऊन यायचे आणि टीव्हीवरच्या युद्धाचा निकाल जेवणाआधीच लावून टाकायचे. आज त्यांचा डोळा युद्धावर नव्हता, पुतण्यावर होता.

"काय ब्रदर, व्हॅटिकनचं काय म्हणणं आहे यावर?"

"आय डोन्ट नो, अंकल," सोफ्याच्या कोपऱ्यातून अ‍ॅल्रॉय पुस्तकातून मान न काढता म्हणाला.

फादर व्हायला सेमिनरीत गेलेल्या पोराला वसईत ब्रदर म्हणतात. अ‍ॅल्रॉय आठ वर्षं ब्रदर होता. ख्रिसमसला दोन मोठ्या बॅगा घेऊन दुबईला आला, तो ईस्टर उलटून गेला तरी 'सुट्टीवर'च होता. एवढी सुट्टी कुठलीच सेमिनरी देत नाही, हे त्या सोफ्यालाही कळलं असतं. पण विल्फ्रेडनं घरात कायदा केला होता: हाक ब्रदर म्हणूनच मारायची, आणि बियर पुढे करायची नाही. पोरगा वाचत होता त्या खुनाच्या कादंबरीला विल्फ्रेडनं स्वतः बसून खाकी कव्हर घातलं होतं. पाहुण्यांना धर्मशास्त्र वाटावं म्हणून.

"अभ्यास चाललाय त्यांचा," विल्फ्रेड म्हणाला. पोटच्या पोराला अहोजाहो. ही सेमिनरीची किमया.

जसिंता तरी कुठे वेगळी होती? गुरुदीक्षेच्या दिवशी नव्या फादरचे तेल लावलेले हात ज्या पट्टीनं बांधतात, ती पट्टी त्याच्या आईला मिळते आणि तिच्याच शवपेटीत जाते. आपली पट्टी तिनं मनातल्या मनात शिवून, इस्त्री करून ठेवली होती. म्हणून 'सुट्टी' या शब्दाला तीही धरून बसली होती.

एवढ्यात अ‍ॅल्रॉयचा फोन वाजला. स्पीकर चालूच होता. "ब्रदर, मैं गेट पे हूँ, नीचे आ जाओ." बिर्याणीवाला. दुबईत टॅक्सीवाल्यापासून वॉचमनपर्यंत जो तो समोरच्याला ब्रदरच म्हणतो.

बावतीसदादांच्या नाकात बियर गेली. "जा, ब्रदर, जा. भाविक खाली थांबलेत."

विल्फ्रेडही हसला. भावापेक्षा थोडा उशिरा, पण हसला.

अ‍ॅल्रॉय वर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. पार्सल टेबलावर ठेवून त्यानं बापाकडं पाहिलं. विल्फ्रेड टक लावून टीव्ही बघत होता. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती.

"ब्रदर, जेवणावर आशीर्वाद मागा," तो नजर न वळवता म्हणाला.

"डॅड, कॉल मी अ‍ॅल्रॉय. प्लीज."

"बिर्याणी निवतेय, ब्रदर."

बावतीसदादांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल जवळ धरला. "दीक्षा डिसेंबरातच ना? मुंबईची तिकिटं आताच काढून टाकतो. काय विल्फी?"

"काढा की," विल्फ्रेड म्हणाला. "आमचीही काढा."

दादांचं बोट स्क्रीनवर फिरलंच नाही. आधी खरं कोण बोलतंय याची ते मजेत वाट बघत होते. अ‍ॅल्रॉयनं दोघांकडं पाहिलं, मग हात जोडले आणि डोळे मिटून आशीर्वाद मागायला सुरुवात केली. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण आवाज पहिल्या कम्युनियनला चर्चमध्ये उभ्या केलेल्या आठ वर्षांच्या पोरासारखा. सांगितलं तर हा जन्मभर असाच हात जोडून बसेल, हे जसिंताला दिसलं.

"तिकिटं काढू नका, दादा," ती म्हणाली. "तो सेमिनरी सोडून आलाय. परत जाणार नाही. ख्रिसमसपासून तुम्हाला माहीत आहे, आणि तरी दर रविवारी मजा बघायला येता."

विल्फ्रेडनं ग्लास खाली ठेवला. "जसिंता, गप्प बस."

"मग तू सांग त्याला, विल्फी. आपल्याला फादर हवा होता. हा असा नुसता मुलगा तुला नकोय. आणि इतके महिने मलाही नको होता."