ओल्या भिंतीवर दोन हात

रंगाऱ्याने ओल्या भिंतीला रंग दिला. आता ही गोष्ट कुणी गल्लीत सांगितली असती तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. कारण या रंगाऱ्याची ख्यातीच तशी होती. भिंतीला नुसता तळवा टेकवून तो आतली ओल ओळखायचा, आणि ओल असली तर डबे उचलून सरळ घरी जायचा. "भिंत वाळली की बोलवा," एवढंच. एकदा म्हणे त्याने एका नवरदेवाचं लग्न पुढे ढकलायला लावलं, कारण बैठकीची खोली वाळायची होती. ती वाळेपर्यंत नवरदेवाचे केस पांढरे झाले, असंही सांगतात. पण गल्लीतल्या लोकांना चार बोटांची गोष्ट हातभर करायची सवयच आहे.

पुराच्या बाबतीत मात्र त्यांना वाढवून सांगायची गरज पडली नाही.

पाणी ओसरलं तसा रंगारी लोखंडी शिडीने गच्चीवरून खाली उतरला. घरात चिखल होता. पलंग उलटा झालेला, गादी स्वयंपाकघरात गेलेली, आणि फ्रीज दार उघडं टाकून आडवा झालेला, रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखा. रंगारी दारात उभा राहून बघत होता. वाईट वाटलं नाही. रागही आला नाही. डोक्यात कुणीतरी कापूस कोंबून ठेवला होता, आणि त्या कापसापलीकडून सगळं दिसत होतं. चारही भिंतींवर एक तपकिरी रेघ होती, गवंड्याने दोरी धरून मारावी तशी सरळ. ती त्याच्या हनुवटीपर्यंत येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. त्याची बायको पाय मोडून प्लास्टरमध्ये होती आणि पावसाळ्याआधीपासून टेकडीवर बहिणीकडे राहत होती.

"अहो, पाणी कुठवर आलं?"

"उंबऱ्यापर्यंत."

"आत?"

"आत नाही."

हे त्याने ठरवून सांगितलं नव्हतं. तोंडाने आपलं आपण सांगून टाकलं. बायको फार पूर्वीच बोलून गेली होती, की या घरात पाणी शिरलं तर त्या दिवसापासून मी इथे राहणार नाही. आणि तिचं बोलणं म्हणजे बोलणं. एकदा रागाच्या भरात चहा सोडते म्हणाली होती, तर वाणी अजून तिच्या नावाने उसासे टाकतो.

मग रंगारी कामाला लागला. हात चालत होते, तो त्यांच्या मागून चालत होता. चिखल उपसला, भिंती धुतल्या, रेघ घासून काढली. पलंग, गादी, फ्रीज, कपाट, जे जे भिजलं ते कचऱ्याच्या गाडीत घातलं. भिंतीला तळवा टेकवला. भिंत बर्फासारखी गार, आत पाणी भरून बसलेली. तळव्याला ते कळलं. पण तळव्याचं ऐकणारं वर कुणी नव्हतं. त्याने अस्तर लावलं, त्यावर हस्तिदंती रंगाचा पहिला हात दिला, तो सुकला न सुकला तोच दुसरा. गल्लीतली इतर घरं दलदलीतून काढलेल्या म्हशींसारखी दिसत होती, आणि मधोमध याचं घर लग्नाला निघालेलं.

विम्याची गोष्ट तो साफ विसरून गेला होता.

विमा बायकोने काढला होता. नळाची तक्रार घेऊन ती नगरपालिकेत गेली होती, तिथे भिंतीवर गावाचा नकाशा टांगलेला. तक्रार ऐकून घ्यायला कुणी नव्हतं म्हणून ती नकाशा बघत उभी राहिली, तर आपली अख्खी गल्ली तिरप्या रेघांनी भरलेली. घरी येऊन म्हणाली, "आपण पुराच्या पट्ट्यात आहोत." रंगारी हसला. "नदी कुठे, आपण कुठे! तिला आपला पत्ता तरी माहीत आहे का?" त्यावर बायको म्हणाली की नदीला यायची गरज नाही. मागचं तळं बुजवून तिथे गोदामं झाली, नाला पाइपात कोंबला. पावसाच्या पाण्याने जायचं कुठे? घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नव्हता. तो तिने मागे लागून वेगळा घालून घेतला.

आणि आता फोनवर "उंबऱ्यापर्यंत" ऐकल्यावर तिने विमा कंपनीला तेवढंही कळवून टाकलं. उंबरा भिजला तरी कळवायचं असतं, असं तिचं म्हणणं.

सर्व्हेअर सकाळी आला. गमबूट घातलेला, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर शंभर घरांचा चिखल बघून आलेला कंटाळा. त्याच्या पाठोपाठ साडूची गाडी आली. विमा बायकोच्या नावावर, तेव्हा ती स्वतः आली होती. एका काखेत कुबडी, दुसरीकडून साडूचा खांदा.

"वा, साडूभाऊ!" साडू दारातूनच ओरडला. "लोकांच्या घरात पूर आला आणि तुमच्याकडे दिवाणखाना! बघा बरं, नाहीतर कंपनी तुमच्याकडूनच पैसे मागायची."

बायकोने खोलीभर नजर फिरवली. "फ्रीज कुठे आहे?"

"दुरुस्तीला."

"आणि पलंग?"

"तोपण." पलंग दुरुस्तीला गेलेला ऐकून साडूचंही तोंड बंद झालं. पलंगाच्या जागी शेजाऱ्यांकडून आणलेली लोखंडी खाट होती.

सर्व्हेअरने विचारलं, "काका, पाणी कुठवर होतं?"

"उंबऱ्यापर्यंत."

"शेजारच्या घरात खिडकीच्या अर्ध्या गजांपर्यंत होतं. तुमचं घर काय तरंगत होतं?"

रंगाऱ्याने खाटेवरची चादर सारखी केली.

"फोटो काढलेत? भिजलेलं सामान ठेवलंय?"

"नाही."

"मग मी लिहू काय? नुकसान काही नाही असं लिहितो. बरं आहे, काका, पाणी आलं नाही हे उत्तमच." त्याने कॅमेऱ्याला झाकण लावलं. "फक्त सावध राहा. अजून पाऊस संपलेला नाही, आणि ही गल्ली वाडग्याच्या तळासारखी आहे. वरून धरणाचे दरवाजे उघडले की इथे पाणी भरायला वेळ लागत नाही."

"आमच्या घरात नाही ना येत, मग झालं," बायको म्हणाली. ती खाटेवर टेकली आणि प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतला. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली. "भाऊजी, गाडीतली माझी बॅग आणा. मी आजपासून इथेच झोपते. बहिणीकडे पाहुणी होऊन होऊन कंटाळा आला."

साडू बॅग आणायला वळला.

रंगाऱ्याने खाटेकडे पाहिलं. खाटेवर तो पाय, ओंडक्यासारखा. मग दाराबाहेर गच्चीच्या शिडीकडे पाहिलं. तो स्वतः दोन्ही पाय धड असताना कसाबसा चढला होता.

तो कोपऱ्यात गेला. भिंत खरवडायचा पत्रा घेतला आणि खाटेच्या उशाशी, अगदी मधोमध, हस्तिदंती रंगात खुपसला.

"अहो! काय करताय?"

खरवडायची गरजच पडली नाही. रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा अख्खाच्या अख्खा सुटून आला आणि लोंबकळायला लागला. त्याने ओढला. आतून पाण्याचा ओघळ आला. खाली अस्तर, अस्तराखाली गिलावा, आणि गिलाव्यात मुरलेली ती तपकिरी रेघ. वरवर घासून गेली होती. आत तशीच होती.

"इथवर," रंगारी म्हणाला.

दाराकडे निघालेला सर्व्हेअर परत फिरला. खिशातून ओल मोजायचं यंत्र काढून भिंतीला टेकवलं, त्याकडे बघून शीळ घातली आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. "काका, तुम्ही रंगारी ना? ओल्या भिंतीवर रंग?"

"हो."

"फेकलेल्या सामानाचं अवघड जाईल. भिंती, वायरिंग, फरशीचं धरता येईल. बाकीच्या भिंतीपण सोलून दाखवा."

रंगारी सोलत गेला. रेघ खोलीभर फिरून आली. बायको खाटेवर बसूनच बघत होती. ती रेघ तिच्या डोक्याच्या वर जात होती. तिने हात वर केला, बोट रेघेला टेकवलं, मग हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

"तुम्ही कुठे होतात?"

"गच्चीवर."

"सगळा वेळ?"

"हो."

दारात साडू बॅग घेऊन उभा होता. एरवी तो गप्प बसला की लोक डॉक्टरला बोलावतात.

"बॅग परत ठेवा, भाऊजी," बायको म्हणाली.

रंगाऱ्याने मान हलवली. हे तर ठरलेलंच होतं. तो पुन्हा भिंतीकडे वळला.

"तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? चला."

"कुठे?"

"बहिणीकडे. दोघंही."

त्याला ते चटकन कळलं नाही. ती जाईल आणि आपण इथे एकटे राहू, एवढ्यापर्यंतच त्याने सगळा विचार केला होता. आपणही उठून जाऊ शकतो हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"भिंत उघडी ठेवायला हवी," तो म्हणाला. "वाळायला."

"खिडक्या उघड्या ठेवा. भिंतीला वाळायला तुम्ही लागत नाही."

सर्व्हेअरने तिची सही घेतली आणि तो शेजारच्या घरी गेला. रंगाऱ्याने खिडक्या उघडल्या, बायकोला काखेत हात घालून उठवलं, आणि ते तिघं गाडीकडे निघाले.

"मागे बसा, आणि सीटला हात लावू नका," साडू म्हणाला. "मी हस्तिदंती घेतली नव्हती गाडी."

कुणी हसलं नाही. रंगारी मागे बायकोशेजारी बसला. गाडी गल्लीच्या चढाला लागली तेव्हा बायकोने वाकून त्याच्या मुठीत राहिलेला पत्रा काढून घेतला. बोटं सोडवायला तिला थोडा वेळ लागला.