अशा वेळी बोलायचं नसतं

बेसबॉलमधलं ल्युसीलला फारसं कळायचं नाही. बॉस्टन आपलं आणि न्यूयॉर्क वैरी, एवढ्यावर तिचं भागत असे. पण आई गेल्यापासून पपा बोलायचे ते टीव्हीशी, आणि जाहिराती लागल्या की पोरीशी. म्हणून दर शनिवारी दुपारी ती वूस्टरच्या त्या तिमजली लाकडी घरात त्यांच्याशेजारी येऊन बसायची.

आज मात्र आल्या आल्याच ते म्हणाले, "रेमंडला सांग, सामना संपला की फोन कर. बोलीन मी."

ल्युसीलच्या हातातली शेंगदाण्याची पिशवी हातातच राहिली. पपा आणि रेमंड एकमेकांशी बोलले त्याला चार वर्षं झाली होती! भाऊ नोकरीपायी न्यूयॉर्कला गेला, तिथलीच बायको केली, हे सगळं पपांनी गिळलं. पण आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला हा शहाणा न्यूयॉर्क संघाची टोपी घालून दारात उभा राहिला. थट्टा म्हणे! "टोपी काढ, नाहीतर चालता हो," पपा म्हणाले, आणि तो खरंच चालता झाला. बापलेक दोघेही हट्टाला पेटलेले, कोण कुणाला समजावणार?

"खरंच बोलाल, पपा?"

"मग काय खोटं सांगतोय? डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय. आधी आज त्या न्यूयॉर्कवाल्यांना हरवतो, मग त्या गाढवाला चार शब्द सुनावतो."

तिनं स्वयंपाकघरात जाऊन रेमंडला कळवलं. तो आधी हसला, मग त्यानं दोनदा विचारलं, खरंच ना?

सामना सुरू झाला. पाच डाव झाले तरी न्यूयॉर्कला एकही फटका मारता आला नव्हता. अख्ख्या सामन्यात एकही फटका बसू न देणं, हा पराक्रम क्वचितच कुणाला साधतो. बॉस्टनचा तो नवा डावखुरा फेकणारा नुसता आग ओकत होता. ल्युसीलच्या ते ध्यानात आलं आणि तिनं तोंड घट्ट मिटलं. खेळातली एवढी एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. नऊ वर्षांची असताना ती अशाच वेळी ओरडली होती, "पपा, यांना अजून एकही फटका मारता आला नाही!" आणि पुढच्याच चेंडूवर फटका बसला होता. पपा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. "अशा वेळी बोलायचं नसतं गं," आईनं समजावलं होतं. त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, जागा बदलायची नाही, गप्प बसायचं. अख्खं गाव पाळतं हे.

ती गप्प बसली. पपाही गप्प. सातव्या डावात त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. घाम तर तिलाही फुटला होता.

आठव्या डावात मधल्या टेबलावरचा फोन वाजला. रेमंडच! या माणसाला कधी दम निघालाय? पपांनी फोनच्या दिशेनं हात उचलला. बोटं पसरली, ओठ हलले, आवाज काही आला नाही. उचलू नकोस, असं ती समजली. तिनं फोनचा आवाज बंद केला आणि तो पालथा घातला. पपांचा हात हळूच खुर्चीवर टेकला. कळतं हो मलाही आता, ती मनात म्हणाली. तिला थोडं कौतुकच वाटलं स्वतःचं.

शेवटच्या, नवव्या डावात न्यूयॉर्कचे दोघे बाद झाले आणि तिसऱ्याचा एक मिळमिळीत फटका मैदानात मोकळ्या जागी जाऊन पडला. खालच्या मजल्यावरून हळहळ ऐकू आली. पुढचा गडी लगेच बाद झाला. बॉस्टन जिंकलं.

"हुकलं हो, पपा! जाऊ दे, जिंकलो तर खरं. आता घाला रेमंडला शिव्या."

पपा बोलले नाहीत.

"रुसलात?" ती हसत उठली आणि त्यांच्यासमोर आली. डोळे टीव्हीवर होते. हात गार पडला होता. तळवा फोनकडे उघडा होता.

"पपा! अहो पपा!"

नको म्हणत होते, की दे म्हणत होते? की कुणाला तरी बोलाव म्हणत होते? अरे देवा, मी हाताच्या अंतरावर बसले होते!

पालथा फोन थरथरला. तिनं तो उचलला.

"काय गं, किती ताटकळवता? जिंकलात की! की फटका बसला म्हणून फुगून बसलेत? बोलत नाहीयेत का?"

"नाही," ल्युसील कशीबशी म्हणाली. पुढचं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण रेमंड थांबला नाही.

"नेहमीचंच आहे त्यांचं. बरं, कानाला लाव त्यांच्या. मीच बोलतो."

ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं फोन पपांच्या कानाला लावला.

"पपा, मी रेमंड," आतून बारीक आवाज आला. "ती टोपी मी त्याच दिवशी टाकून दिली होती. सांगायचं राहिलं. चुकलो हो मी." मग तो थांबला. "राग आला असेल तर नका बोलू लगेच. मी आहे लाइनवर."

ल्युसीलनं फोन तसाच धरून ठेवला.