खोकून दाखवा

गुणवंतरावांनी सांगलीच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली. नवी पाइपलाइन पूर्ण दाबाखाली तपासल्याशिवाय कंत्राटदाराच्या कागदावर सही म्हणून करायचे नाहीत. आणि याच माणसाने जपानात, नागोयात, सुनेच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या फुप्फुसाच्या तपासणीत चक्क लबाडी केली. काय म्हणावं आता!

मुलाकडे, केदारकडे, दोन महिन्यांसाठी आले आणि इथेच फुप्फुसात गाठ निघाली. गाठ काढली, पण कापलेल्या जागेतून हवा गळायची थांबेना. छातीतल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या डब्यात, आणि त्या पाण्यात पाच आठवडे बुडबुडे. नळी आहे तोवर विमान नाही. तिकडे सांगलीत त्यांची बायको, वीणाताई, आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. त्या येऊ शकत नव्हत्या, आणि त्यांचे फार दिवस उरले नव्हते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा बायकोजवळ जाऊन बसायचं, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

डॉक्टर मोरींनी पुन्हा छाती न उघडता, तोंडावाटे दुर्बीण घालून, गळक्या श्वासनळीत सिलिकॉनची बुचं बसवली. बुडबुडे कमी झाले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "जोरात खोकून दाखवा. बुडबुडा आला नाही, तर उद्या नळी काढू."

केदार कारखान्यात, म्हणून दुभाषी त्याची बायको अनघाच. "बाबा, जोरात हं."

बाबा खोकले. खोकले कसले, कीर्तनात घसा साफ करावा तसे नुसते खाकरले. डब्यातलं पाणी ढिम्म. मग त्यांनी अनघाकडे असं काही बघितलं की 'सांगू नकोस' हे तिला कळलंच.

"एवढाच जोर आहे का, विचारता?" डॉक्टर म्हणाले.

सासऱ्यांना परक्या माणसासमोर खोटं कसं पाडायचं? शिवाय तिलाही वाटलंच, जाऊ देत बिचारे. तिने विचारलंच नाही. "हो, एवढाच," म्हणून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली, घरी सोडलं. केदारने तिकिटं बघायला घेतली. तिसऱ्या दिवशी मानेपर्यंत सूज आली, श्वास कोंडला, अँब्युलन्स बोलवावी लागली. फुप्फुस मिटलं होतं, पाठोपाठ छातीत पू झाला. नवी नळी घातली, पण आता श्वास इतका तोकडा पडत होता की दुर्बीण घालायचीही सोय राहिली नाही.

डॉक्टर मोरी खाटेपाशी आले आणि कमरेत वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"माफी मागतायत. नळी काढायची घाई केली म्हणतात. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असंही म्हणाले."

"अगं, त्यांची कसली चूक? सांग त्यांना, मी मुद्दाम हळू खोकलो."

अनघाने सांगितलं. स्वतःचंही सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. डॉक्टर चार शब्द रागाने बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"इतकी घाई कशासाठी, हे मीच विचारायला हवं होतं," ते हळूच म्हणाले आणि पुन्हा वाकले.

बाबांनी डोळे मिटले. "वीणाला फोन कर. म्हणावं, वाट बघू नकोस."

"तुम्हीच बोला ना, बाबा."

"नको. ती 'का?' म्हणून विचारत बसेल. तेवढं बोलायला दम नाही पुरायचा मला."