डोंगराचे खिळे

खिडकीच्या काचेवर रात्री धरलेल्या हिमाचे काटे सकाळी सरळ उभे होते. भट्टी पेटेपर्यंत त्यांची टोके जराशी कलली, आणि आता ते सगळेच्या सगळे पूर्वेकडे झुकले होते, एकाच कोनात. खिळेवालीने नखाने एक काटा मोडला आणि वाट पाहिली. त्या जागी नवा काटा फुटला, तोही तिरपाच.

"आला," ती म्हणाली.

नवरा बुटांच्या खिळ्यांना धार लावत होता. त्याने कानस थांबवली नाही. "कुठवर आलाय?"

"निजलेलीच्या टेकडीपाशी असेल. काटे काचेला टेकले की आपल्या दारात."

"म्हणजे आज जेवणाचं नाव नको."

"जेवा की. उभ्याने जेवा."

सून तोवर पुन्हा एकदा दारात गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "आई, काहीच दिसत नाही हो! नुसतं पांढरं!"

"डोंगर आहे तो, सुई नाही. आला की दिसेल. दार लाव आधी, भट्टी विझेल."

असे ती म्हणाली खरी, पण सकाळपासून तिच्याही हातातून खिळे निसटत होते आणि हातोडी एकदा बोटावर बसली होती. नवऱ्याने ते पाहिले होते आणि तो गालातल्या गालात हसला होता.

चालता डोंगर वर्षातून एकदाच वस्तीजवळून जातो. तो निळ्या बर्फाचा आहे, त्याच्या खांद्यावर एक लहानसे गाव आहे, आणि सगळ्या हिमप्रदेशाला वळसा घालून तो पुन्हा त्याच वाटेने येतो. तो का चालतो, याचा छडा अजून कुणाला लागलेला नाही. थांबत मात्र नाही. सूर्य त्याच्या मागे गेला की वरून दोरशिड्या सुटतात. सूर्य दुसऱ्या बाजूने बाहेर आला की त्या ओढून घेतल्या जातात. तेवढ्या सावलीत पीठ, तेल, कापड वर जाते, निळे मीठ खाली येते, आणि ज्याला जायचे तो जातो. एकदा वर गेलेल्या माणसाला पुढच्या फेरीलाच उतरता येते.

खिळेवालीची थोरली बहीण अशीच एका फेरीला नुसता डोंगर बघायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. वरच्या मुलांना चालायला शिकवायचे काम तिच्याकडे होते. पायाखालची जमीन सरकत असताना चालणे आपोआप येत नाही, ते शिकवावे लागते. तिचे बुटांचे दोन जोड होते. दर फेरीला झिजलेला जोड खाली यायचा, नवे खिळे मारून ठेवलेला वर जायचा. बुटांबरोबर निरोपही एकच यायचा: येतेस का? उत्तरही एकच जायचे: पुढच्या फेरीला. आधी मुलगा लहान होता. मग सासूबाईंचे आजारपण निघाले. मग मुलाचे लग्न. या फेरीला कोणते कारण द्यायचे, ते तिला अजून सापडले नव्हते.

दुकान म्हणजे एकच खोली. एका भिंतीला भट्टी, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांचे डबे, आणि दारापासून बाकापर्यंत जमिनीवर ठोकलेली एक लांब फळी. गिऱ्हाईक आले की आधी त्या फळीवरून चालायचे. कोण टाच आधी टेकतो, कोण चवडा, कुणाचा पाय बाहेर पडतो, हे पाहूनच खिळ्यांच्या जागा ठरत.

पहिली आली शिंपीणबाई, दोन शाली आणि एक गाठोडे घेऊन.

"डोंगराचे मारा," ती धापा टाकत म्हणाली. "पक्के मारा. माझं वजन बघताय ना."

"चालून दाखवा."

"अगं बाई, मी काय नवरी आहे चालून दाखवायला?"

"नवरीला लाजायला तरी वेळ असतो. तुम्ही चला."

शिंपीणबाई चालली. फळी कुरकुरली. सुनेने तोंडाला पदर लावला.

"हसू नकोस गं," शिंपीणबाई स्वतःच हसत म्हणाली. "घरातल्या सगळ्यांचं सगळं करून झालं. म्हटलं, एक वर्ष वर जाऊन शिवीन. डोंगरावरच्यांचे कपडे काय फाटत नसतील? घरी सांगितलं, तर सगळे बघतच राहिले. मी म्हटलं, बघा. वरूनही दिसेन मी तुम्हाला."

खिळेवालीने बूट साच्यावर चढवला आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच हातोडी घातली.

ती स्वतः कधी वस्तीबाहेर गेली नव्हती, पण सगळा हिमप्रदेश तिला बुटांच्या तळव्यांवरून ठाऊक होता. काचमाळावर लोखंड चालत नाही. तिथला बर्फ इतका नितळ की खोल खाली बुडालेल्या गावाची छपरे दिसतात आणि संध्याकाळी त्या घरांतून दिवे लागतात. कोण लावते कुणास ठाऊक, पण माळावरच्या लोकांना ते दिवे बघायचे असतात, त्यावर ओरखडे नको असतात. म्हणून तिथे दाबलेल्या लोकरीचे तळवे. सून त्या माळावरचीच. ती अजूनही पाय न उचलता चालायची, आणि सासरा तिला 'घसरगुंडी' म्हणायचा. गुणगुणत्या घळीत हाडाचे खिळे लागतात. लोखंड त्या सुराला साथ द्यायला लागते आणि मग वरचे सुळके ढासळतात. घळीतून परतलेल्या बुटाला कान लावला तर तो थोडा वेळ गुणगुणत असतो. उलट्या धबधब्याचे पाणी तळ्यातून कड्यावर चढते, त्यामुळे तुषार खालून उडतात. तिथे जाणाऱ्याच्या तळव्यांना चरबी चोळावी लागते. निजलेलीची पाठ ही एक लांबट, कोमट टेकडी. ती सावकाश वर-खाली होत असते. तिथे खिळेच नाहीत. तिला गुदगुल्या झाल्या तर काय होईल, हे कुणी अजून करून पाहिलेले नाही. आणि डोंगराचे खिळे सर्वांत लांब, मागे कललेले. तिथे माणूस आपल्या वाटेने जात असतो आणि जमीन तिच्या.

दुपारी काचेवरचे काटे काचेला टेकले. खोलीतला उजेड आधी निळसर झाला, मग गडद निळा. जमिनीतून दळण दळल्यासारखा आवाज येऊ लागला. डब्यांतले खिळे आपोआप किणकिणायला लागले.

"दिसला!" सून किंचाळली. "आई, अहो आई, घरं दिसतायत! धूर दिसतोय! कुणीतरी वाळत घातलंय काहीतरी!"

नवराही कानस टाकून दारात गेला. तो हे दर वर्षी बघत आला होता, तरी दर वर्षी म्हणायचा तेच म्हणाला, "केवढा आहे हा!" समोरच्या गल्लीच्या टोकाला, छपरांच्या वर, निळी भिंत सावकाश सरकत होती. गल्लीत पोत्यांखाली वाकलेली माणसे पळत होती, कुत्री भुंकत होती, कुणाच्या तरी हातून तेलाचा डबा सांडला होता आणि शिव्या ऐकू येत होत्या.

शिड्या सुटल्या, आणि थोड्याच वेळात दारात ढोल्या उभा राहिला. डोंगरावरचा हा हमाल ढोलासारखा इतक्या मोठ्याने बोलायचा की त्याचे खरे नाव लोक विसरले होते. त्याने खांद्यावरचे पोते धाडकन खाली टाकले.

"घ्या वहिनी! गावभरचे बूट! काय, बऱ्या आहात ना? आणि दादा, तुमचं पोट कुठवर आलं?"

"तुझ्या आवाजाच्या मागंच आहे अजून," नवरा म्हणाला.

"ताई कशी आहे?" खिळेवालीने विचारले.

"झकास! एकदम झकास!" ढोल्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग वहिनी, येताय का वर?"

तिने तोंड उघडायच्या आत नवरा, सून आणि बाकावर दाटीवाटीने बसलेली चार गिऱ्हाइके एका सुरात ओरडली, "पुढच्या फेरीला!"

दुकान हसण्याने दणाणले. ढोल्याही हसला. खिळेवाली हसली, पण जरा उशिरा. ढोल्या पीठ चढवायला परत धावला.

सुनेने पोते उपसले. झिजलेले जोड बाकाखाली, तयार जोड भिंतीवरच्या कप्प्यात, अशी तिची पद्धत होती. तिचा हात वेगाने चालत होता. झिजलेला बूट ती न बघताही ओळखत असे.

"आई," ती मधेच म्हणाली, "मावशींचे दोन्ही जोड तुम्ही तयार करून ठेवले होते?"

"दोन्ही कसे असतील? एक तर वर होता."

"मग हे काय? दोन्ही तयारच आहेत की. मी दोन्ही कप्प्यात ठेवले."

खिळेवाली उठली. कप्प्यात थोरल्या बहिणीचे दोन जोड शेजारी शेजारी होते. एक या फेरीला वर पाठवायचा. दुसरा तिने हातात घेतला. बाजू मळलेल्या, नाड्या जुन्या. हाच आज खाली आला होता. तिने तो उलटा केला. मागच्या फेरीला मारलेले खिळे टोकदार होते. त्यांच्यावर नवऱ्याच्या कानशीच्या रेघाही तशाच होत्या. तिने अंगठा टोकावर टेकवला, आणि रक्ताचा बारीक ठिपका आला.

वर्षभरात या बुटांनी एक पाऊलही टाकले नव्हते.

"काय झालं?" नवऱ्याने विचारले. तिने बूट त्याच्या हातात दिला आणि शाल न घेताच बाहेर पडली.

डोंगराच्या पायथ्याशी वारा नव्हता, फक्त थंडी होती आणि ती दळणाची घरघर. शिड्या बर्फावर फरफटत पुढे पुढे जात होत्या, आणि चढणारे त्यांच्याबरोबर चालत चालत एक पाय वर टाकत होते. शिंपीणबाई अर्ध्यावर पोचली होती आणि वरच्याला ओरडून सांगत होती, की ओढू नका, मी काय पोतं आहे का. खिळेवाली ढोल्याच्या शिडीबरोबर चालू लागली.

"ताई चालत नाही?"

ढोल्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सांगू नको म्हणाल्यात."

"सांगितलंय बुटांनी. तू फक्त कधीपासून ते सांग."

"मागची फेरी झाली त्याच रात्री. गुडघे धरले. आता खुर्चीतून शिकवतात. पोरगं चुकलं की काठी आपटतात. तोंड मात्र चालतंय, वहिनी. पायांच्या वाटचंही तेच चालतं."

तिला हसू आले.

"आणि तरी विचारते, येतेस का म्हणून."

ढोल्या एक पोते दोराला बांधत होता. गाठ पक्की होती, तरी तो ती पुन्हा बांधू लागला.

"या खेपेला विचारायला सांगितलं नव्हतं त्यांनी," तो म्हणाला. "नुसते बूट दिले. मीच विचारलं. तोंडात बसलंय ना."

खिळेवाली थांबली. शिडी पुढे सरकत गेली. डोंगराची मागची कड उजळू लागली होती. बर्फाच्या आतून पिवळा प्रकाश झिरपत होता. सूर्य कडेच्या अगदी जवळ आला होता.

ती पळाली. वस्तीत तिला पळताना कुणी कधी पाहिले नव्हते. तेल सांडलेल्या जागी तिचा पाय सटकला, ती एका भिंतीला धरून सावरली आणि पुन्हा पळाली.

दुकानात सगळे तसेच बसलेले होते. नवरा तो बूट मांडीवर घेऊन बसला होता. तिच्याकडे पाहताच त्याने उठून भट्टीत कोळसा घातला.

तिने बाकाखालून स्वतःचे बूट ओढले. साधे, सपाट तळव्यांचे. खिळेवालीने स्वतःच्या बुटांना खिळे मारायचे नसतात. आपली चाल आपल्याला दिसत नाही. खिळे हवे असतील तर दुसऱ्या कुणाला तरी सांगावे लागते, आणि आजवर तिने कुणालाच सांगितले नव्हते.

"सरका जरा," ती गिऱ्हाइकांना म्हणाली आणि दारात जाऊन फळीवर उभी राहिली. "बघ गं."

"काय बघू, आई?"

"चाल बघ माझी."

सुनेच्या हातातली हातोडी तशीच राहिली. खिळेवाली चालली. फळी ओळखीची होती, पण तिच्यावरून असे चालायची तिची ही पहिलीच वेळ. लहानपणी ताईचा हात धरून छपरावर चढताना ती अशीच पाऊल टाकायची.

"उजवा आधी पडतो," सून हळू आवाजात म्हणाली. गिऱ्हाइकाला सांगावे तसेच ती सांगत होती, पण डोळे भरले होते. "टाच जड आहे. डावा जरा बाहेर जातो."

"बरोबर. काढ माप."

"पण आई, कुठले मारू?"

बाहेरचा निळा उजेड फिकट होत चालला होता. नवऱ्याने भाता ओढायला सुरुवात केली.

"डोंगराचे," खिळेवाली म्हणाली. "लवकर मार. ह्याच फेरीला मी वर चाललेय."