पाळण्यावरचं छप्पर

"टिन म्हणलं ना, म्हंजे टिन!" लहानूने शिडी भिंतीला अशी आपटली की वळचणीतल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. "दोन दिवसांत ठोकून होते. विक्की सांगते तसं लोखंडाले खडी चिकटवून काय घराले दागिना करतं का?"

त्याची बायको केसरबाई ओसरीत नातवाच्या, गुलाबच्या पाळण्याची दोरी हलवत होती. शनिवार होता, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. जेठातलं ऊन आंगणात नुसतं उकळत होतं. तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती आणि कालपासून तिचा हात घडोघडी त्या गाठीवर जात होता.

काल याच वेळी वांदरांची टोळी छपरावर उतरली होती. धाडधाड उड्या, कवेलूंचा, त्या मातीच्या कौलांचा खडखडाट, आणि बघता बघता एक कवेलू सुटून थेट पाळण्याच्या कडेवर आदळलं. वीतभर आत पडलं असतं तर? त्यापुढं केसरबाईचं मन जातच नव्हतं. लग्नाच्या नवव्या वर्षी तिच्या लेकाच्या, आदेशच्या घरी पाळणा हलला होता. लेकरू उणंपुरं दोन महिन्यांचं.

आदेश मोहर्लीला जंगल बघायला येणाऱ्यांची जिप्सी चालवायचा, सुट्टी नव्हती. त्याची बायको नूतन मात्र बॅग भरून बसली होती. तिचा भाऊ चार वाजेपर्यंत न्यायला येणार होता.

"जोवर हे छप्पर हाय, तोवर मी या घरात येत नाई," ती उंबऱ्यातून म्हणाली. "अन् आत्याबाई, तुम्ही दर शनिवारी आंगणात चणे-गूळ टाका. मारुतीची फौज म्हणता ना? त्या फौजेनं पह्यला गोळा माह्याच लेकरावर टाकला."

केसरबाईचा हा बारा वर्षांचा नेम. आज तिने चणे भिजवलेच नव्हते. चिंचेवर वांदरं वाट बघत बसली होती आणि तिला मान वर करायची लाज वाटत होती.

पण काल खापऱ्या झाडताना तिला एक तार सापडली होती. एका टोकाला कवेलूचा तुकडा, दुसऱ्या टोकाला बोरीच्या काटेरी काटीचा तुकडा. वांदरं बसू नयेत म्हणून छपरावर काट्या सारं गावच टाकतं. वाऱ्याने काट्या उडतात, पुन्हा टाकायच्या. लहानूने यंदा अक्कल लढवली, काट्या तारेनं कवेलूंनाच बांधून टाकल्या. वांदराने काटी ओढली आणि काटीमागं कवेलू आलं. त्याला हे ठाऊक होतं. म्हणून तर कोणी विचारायच्या आत सारं छप्पर उतरवून टिन ठोकायची घाई चालली होती.

तेवढ्यात गावातलाच विक्की फटफटीवर नमुने बांधून आला. चंद्रपूरच्या एका छपरं घालणाऱ्या टोळीत तो कामाला होता, रिसॉर्टांची छपरं त्यानं घातली होती. त्यानं एक टिनाचा तुकडा आणि एक खडी बसवलेला पत्रा ओसरीत मांडला. दुसरा दिसायला हुबेहूब कवेलूंची ओळ, हात लावला की खरबरीत.

"काका, मी खोटं नाई सांगत," विक्की म्हणाला. "उन्हात हेबी तापते. पण टिनावानी आग ओकत नाई. वांदर उडलं त फुटाचं कामच नाई."

"अन् खडी? दोन पावसांत धुऊन जाईन ना बे!"

"सुरुवातीले थोडी झडते, मग थांबते. पण एक हाय काका, तुमचे वासे म्हंजे नागोबा चालल्यावानी. याच्याखाली लोखंडी पाईपचा सांगाडा सरळ बसवा लागन. टिनापेक्षा भारी पडते."

"आइकलं?" लहानू बायकोकडे वळला. "मी कालपासून काय सांगून राह्यलो?"

केसरबाई उठली. शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक ती तीन उन्हाळे टिनाखाली रांधत होती. डोक्यातलं पाणी कसं आटतं आणि पावसात ते टिन कसं वाजतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. घरातून तिने सूपभर धान आणलं आणि ती हळू आवाजात म्हणाली, "विक्की, टिन धर बाबा. पाळण्यापासून जरा दूर."

सुपातलं धान तिने टिनावर सोडलं. तडतडतडतड! गुलाब दचकून असा किंचाळला की नूतन धावत आली. पोराला खांद्यावर घेऊन थोपटलं, पुन्हा पाळण्यात टाकलं. डोळा लागेपर्यंत कोणी हललं नाही.

"आता दुसरा धर."

धान पोत्यावर पडावं तसं पडलं. गुलाबने मूठ उघडली, मिटली आणि तो झोपून राहिला.

"हे त धान हाय," लहानू गुरगुरला. "आभाळातून काय धान पडते? अन् हे सारं कायच्यानं झालं? तुह्या वांदरांच्या लाडानं! सूनबाई बराबर बोलते."

केसरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. गाठ सोडायला आत्ता, इथं, सुनेसमोर, एक क्षण पुरे होता. तिने गाठ मुठीत धरली.

"जरा आत येता का?" ती म्हणाली.

देवाच्या खोलीच्या दाराशी तिने गाठ सोडली आणि तार त्याच्या तळहातावर ठेवली. लहानूचा चेहरा कवेलूसारखा काळवंडला.

"कोणाले दाखवली?"

"देवाले."

"अन् सूनबाईले?"

"ते तुमचं काम."

बाहेर विक्की उगाच पत्रे सरळ करत होता. नूतनने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. लहानू तार मुठीत धरून बाहेर आला.

"सूनबाई, वांदरानं कवेलू नाई फेकलं. काटीले तार म्या बांधली होती. तारेसंगं ते आलं." त्याने तार पुढं केली. "जा म्हणशीन त माहा काई बोलाचा हक्क नाई."

नूतनने तार हातात घेतली. मग सासूकडे वळली. "तुमाले मालूम होतं? अन् कालपासून माहं आइकून राह्यल्या?"

"वांदरं म्या बोलावली, तार यायनं बांधली," केसरबाई म्हणाली. "दोघायचं पाप अर्धं-अर्धं. मी कायले तोंड वर करू?"

लहानू विक्कीकडे वळला. "विक्की, खडीवालं टाक. सांगाडा पाईपचा. मिरगाच्या पावसाआंधी झालं पाह्यजे."

"सामान याले तीन दिवस लागन, काका."

"तीन दिवस लेकरू कुठी ठेवू?" नूतनचा आवाज अजून कडकच होता, पण प्रश्न घरात राहणारीचा होता.

देवाच्या खोलीला वर सागाच्या फळ्यांचं पाटण होतं, कवेलू पडलं तरी वरच अडलं असतं. आंघोळ केल्याशिवाय तिथं केसरबाई कोणाची सावली पडू देत नसे. आज तिने देवाचा पाट दोन्ही हातांनी उचलला आणि चुलीशेजारी नेऊन ठेवला, पाळण्याला जागा केली.

"आत्याबाई, मुतन ना तो तिथी!"

"मुतू दे. ज्यानं सारी लंका जाळली, त्याले मुताचं काय?"

विक्की फिस्सकन हसला. नूतनने पदर तोंडाला लावला, पण डोळे हसलेच.

चारला नूतनचा भाऊ गोपाल आला. पांढरा सदरा, कपाळावर गॉगल. "झाली का तयारी, ताई? ऊन लय हाय, लवकर निंघू."

"चप्पल काढ अन् चढ वर," नूतन म्हणाली.

"कुठी?"

"छपरावर. मामाजीयच्यानं एकट्यानं होत नाई. एकेक कवेलू खाली दे, मी झेलतो. पाय वाशावर ठेव, कवेलूवर ठेवशीन त खाली येशीन."

"अवं, पण मी त न्याले..."

"चढ म्हणलं ना!"

लहानूने शिडी धरली. तापलेली कवेलू हातोहात खाली येऊ लागली: गोपालकडून नूतनकडे, नूतनकडून केसरबाईकडे. तळहात पोळत होते, तरी कोणी थांबलं नाही. चिंचेवरची वांदरं गंभीर चेहऱ्याने आपलं उतरणारं मैदान बघत होती. केसरबाईने एकदाच तिकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, पुढच्या शनिवारी नेम पाळीन मारुतीराया, पण गावाबाहेरच्या तुझ्या पारावर.

दिवस बुडताना अर्धं छप्पर आंगणात उतरलं होतं. गोपाल जेवला, घरी नसलेल्या भावजींच्या नावानं बडबडला आणि गाडीला किक मारून निघाला. त्याचा सदरा लाल मातीनं माखला होता आणि मागची सीट रिकामी होती.