नोंचेचा माइक

आमच्या तोमोहोनच्या चर्चमध्ये रविवारची उपासना मीच रेकॉर्ड करते. प्रत्येक गाणारीच्या माइकचा ट्रॅक कॉम्प्युटरवर वेगळा राहतो. घरी बसून मी आवाज कमी-जास्त करते आणि सगळं एकत्र करून जहाजांवर नोकरीला गेलेल्या आमच्या माणसांना पाठवते. गायनाच्या वेळी यंत्र चालू ठेवून पुढे गाणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहते. ईस्टरच्या पहाटेचं मुख्य गाणं आजवर माझंच होतं, बाकीच्या साथ देतात.

मग मनादो शहरातून नोंचे आली, तिच्या नवऱ्याची इथे बदली झाली म्हणून. वय कोवळं, आवाज असा की पहिल्याच रविवारी ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. त्यात तिला उभं केलं माझ्याच शेजारी. आमचे धर्मगुरू, पेंडेता, म्हणाले की घोळक्यात कोणाचा गळा कुठला कळत नाही, यंदाचं ईस्टरचं गाणं रेकॉर्डिंग ऐकून देऊ. रेकॉर्डिंग कोणाच्या हातात होतं? माझ्या. नोंचेचा ट्रॅक मी सरळ बंद केला आणि पेंडेतांना पाठवून दिलं.

सरावाच्या दिवशी पेंडेतांनी ते सगळ्यांसमोर लावलं. शेवटच्या कडव्यातली वरच्या सुरातली ओळ आली तेव्हा बायका डोळे मिटून ऐकत होत्या.

"सेल्वी, या वयात हा सूर?" पेंडेता म्हणाले. "ईस्टर तुझाच."

नोंचेने माझा हात धरला. मला ती मावशी या अर्थी तांते म्हणते. "तांते, मला वाटायचं तुम्ही ती ओळ सोडता. शेजारी असून मला ऐकूच आलं नाही बघा."

भोळी आहे की आतल्या गाठीची, मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्याआल्या मी माझा एकटीचा ट्रॅक लावला. ती ओळ मी खरंच सोडते. हल्ली तिथे नुसते ओठ हलवते. आणि तिथे, माझ्या माइकमध्ये, नोंचे गात होती. तिचा ट्रॅक बंद केला म्हणून काय झालं, बाई खेटूनच उभी होती ना. ट्रॅकवर नाव माझं, गळा तिचा. इतकी जळले की समोरची तळलेली केळी तशीच गार झाली.

खरं सांगून टाकावं असं वाटलं का? अजिबात नाही. मी पेंडेतांना फोन लावला. गाणं मीच म्हणेन म्हटलं, फक्त एक अट आहे.

"कोणती?"

"नोंचेला माझ्या शेजारून हलवायचं नाही."