सुट्टीचा भोंगा

"पुंजाजी, तुटक दे! तुटक दे बे, मांगच्या गंजीनं पेट घेतला!" मुकादम कडूबा बॉयलरच्या दारातूनच ओरडला आणि तसाच बादल्यांकडे धावला.

पुंजाजीचा हात भोंग्याच्या साखळीवर गेला आणि तिथंच थांबला.

मलकापूरच्या त्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, भोंग्याला दोनच बोल येत. एका दमाचा लांब भोंगा म्हणजे कामावर या, किंवा काम सुटलं, घरी जा. तुटक तुटक, धापा टाकल्यासारखा भोंगा म्हणजे कापसाला आग लागली, जीव घेऊन बाहेर पळा. साखळी ओढणारा हात मात्र एकच, पुंजाजीचा. त्याच्या लांब भोंग्यावर गावातल्या चुली पेटत आणि बाजारातले मुनीम घड्याळं लावत. पुंजाजीला पडसं झालं तर मलकापुरात सूर्य उशिरा उगवेल, अशी थट्टा लोक त्याच्या तोंडावर करत आणि तोही मिशीत हसे.

तुटक भोंगा त्यानं आजवर एकदाच वाजवला होता. मागच्या साली सरकीच्या कोठ्यातून धूर निघाला तेव्हा. आतल्यांनी बाहेर पळावं म्हणून तो भोंगा. पण भोंगा काय आतल्यांनाच ऐकू येतो? अख्ख्या गावानं ऐकला. कुणाची बायको आत, कुणाची आई आत, कुणाचा लेक आत. जो तो हातातलं टाकून जिनाकडे धावला. आतल्या बाया बाहेर निघत होत्या, बाहेरचे आत घुसत होते, आणि फाटक एकच. आग चार बादल्यांत विझली. पुंजाजीची गीताबाई मात्र फाटकात पडली ती उठली नाही. ती जिनात कामाला नव्हतीच. घरी ज्वारी निवडत बसली होती. भोंगा ऐकला आणि नवरा आत आहे म्हणून सूप टाकून धावत आली.

लोक म्हणाले, नशीब. दुसरं फाटक करायचं ठरलं, ते ठरलेलंच राहिलं. पुंजाजी कुणाला काही बोलला नाही. पण आपल्याच हातानं आपण तिला मरायला बोलावलं, हे त्याच्या मनातून एक दिवसही गेलं नाही.

आणि आज पुन्हा तीच साखळी, तोच हात. त्यानं दारातून वाकून पाहिलं. कापसाची गंजी अंगणाच्या पार टोकाला होती आणि वारा धूर रुळांकडे नेत होता. यंत्रांच्या शेडमधल्या बायांना अजून पत्ताही नव्हता. त्यांची पोरं लिंबाखाली झोळ्यांत निजली होती.

पुंजाजीनं साखळी ओढली आणि ओढूनच धरली. लांब, एका दमाचा. मग त्यानं इंजिनाची वाफ तोडली. यंत्रं घरघरत थांबली.

"आं? आज एवढ्या लवकर?" शेडमधून वच्छलाबाईचा आवाज आला.

"लवकर त लवकर. चाल वं माय, पोरगं उठलं असन."

सुट्टी लवकर झाली म्हणून भांडायला कोण थांबतं? बाया हसत-बोलत लिंबाखाली गेल्या, पोरं काखेत घेतली आणि फाटकाकडे निघाल्या. कापूस चोरून नेत नाही हे दाखवायला फाटकापाशी पदर झटकायची रीत होती. त्या दिवशीही एकेक बाई थांबून पदर झटकत होती. इकडे पुंजाजीचा जीव टांगणीला लागला होता. वारा फिरला तर? आपण चुकलो असलो तर? 'माय वो, पदर मंग झटका, पयले निंघा,' तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता. घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

शेवटची बाई फाटकाबाहेर पडली, मग धूर लिंबाच्या वर चढला.

गंजी दिवेलागणीपर्यंत जळली. जिनातले गडी बादल्या मारून थकले, शेड वाचली, कापसाची मात्र राख झाली.

मॅनेजर लक्ष्मीकांतरावांनी पुंजाजीला बोलावलं. आत जाता जाता कडूबा त्याच्या कानाशी लागला, "साखळी अटकली होती म्हून सांग ना. मी साक्ष देतो."

"आगीचा भोंगा का नाही दिलास?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"साखळी चांगली होती सायेब. म्याच लांब वाजवला."

"बाजारातली माणसं धावून आली असती, तर निम्मी गंजी तरी वाचली असती."

"हाव सायेब. वाचली असती."

तो आणखी काही बोलेल म्हणून लक्ष्मीकांतराव थांबले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मागच्या साली फाटकातून गीताबाईला उचलणाऱ्यांत तेही होते. पण उद्या मालक येणार होते, आणि मालकांना राख दाखवायची होती.

"मला तुला ठेवता येणार नाही, पुंजाजी," ते खाली बघत म्हणाले.

"हाव सायेब."

त्यानं बॉयलरची उरलेली वाफ नीट सोडली, हात धुतले आणि तो बाहेर निघाला. रस्त्यापलीकडे आग बघायला गाव जमलं होतं. पोरं काखेला घेऊन बायाही तिथंच उभ्या होत्या.

"काय हो पुंजाजीभाऊ," वच्छलाबाईनं हाक मारली, "एवढी आग लागली अन् तुमी सुट्टी देऊन मोकळे! घाबरून इसरले का काय?"

बाया खो-खो हसल्या. आई हसते म्हणून एकीच्या काखेतलं पोरगंही टाळ्या वाजवायला लागलं. पुंजाजीनं फाटकाकडे वळून पाहिलं. तिथं कापसाचे चार पुंजके पडले होते, दुसरं काही नव्हतं.

"हाव वं बाई," तो म्हणाला, "इसरलो."

आणि घराच्या वाटेला लागला.